वाचकांचे प्रश्न : महिन्याचा आकडा बघून गाडी घ्यावी का?

प्रश्न : मी लातूरचा, माझा क्लास आहे. दर महिन्याला गाड्यांच्या विक्रीची यादी बघायलोय. जी मोठी एसयूव्ही मनात भरलीय तिच्यापुढं एका महिन्यात शून्य, पुढच्या महिन्यात बऱ्यापैकी आकडा, मग परत दोन-तीन. डीलर म्हणतो डिमांड वाढायलीय, मित्र म्हणतात हे मॉडेल बंद पडणार. कुणाचं ऐकू?

उत्तर : दादा, आत्ता दोघांचंही नका ऐकू, आधी तो आकडा कशाचा आहे ते बघा. महिन्याच्या एक तारखेला पेपरात आणि यूट्यूबवर जे आकडे फिरतात ते बहुतेक होलसेलचे असतात, म्हणजे कंपनीनं डीलरकडं किती गाड्या पाठवल्या एवढंच त्यातून कळतं, गिऱ्हाइकाच्या दारात किती गेल्या ते नाही. ते दुसरे आकडे आरटीओच्या नोंदणीवरून, वाहन पोर्टलवरून निघतात आणि डीलर लोकांची संघटना फाडा ते दर महिन्याला देते. ज्या गाड्या महिन्याला दहा-पंधरा हजार जातात त्यांच्या बाबतीत दोन्हीत फार फरक पडत नाही, पण तुम्ही बघताय तसल्या गाडीला हा फरक म्हणजेच सगळं.

आता बघा, निसानची एक्स-ट्रेल २०२४ मध्ये आली ती पूर्ण बाहेरून बनून येणारी. असल्या गाडीचा लॉट बंदरावर उतरला की त्या महिन्यात आकडा दिसतो, नाही उतरला की शून्य. किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, किंमत ४९.९९ लाख, भारतासाठी गाड्याच फक्त १०० आणि त्या लाँचच्या आधीच बुक झालेल्या. त्या १०० देऊन झाल्यावर पुढच्या महिन्यात तिच्यापुढं काहीच नसणार, मग डिमांड पडली म्हणायचं का? गाडीच नाही तर विकणार काय! म्हणून अशा गाडीचे बारा महिन्यांचे आकडे जोडून बघा आणि टक्केवारीकडं अजिबात जाऊ नका, तीनाच्या नऊ झाल्या की २०० टक्के वाढ छापून येते आणि माणूस उगाच भारावून जातो.

शून्याचा दुसरा अर्थ मात्र खरंच काळजीचा असतो. होलसेल महिनोन् महिने शून्य आणि नोंदणी थोडी थोडी चालूच, असं दिसलं तर कंपनीनं पाठवणं थांबवलंय आणि डीलर जुना स्टॉक काढायलाय असं समजा. मोठा डिस्काउंट तिथंच मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बुकिंगच्या आधी लेखी घ्या, कारण आरसीवर तो महिना छापून येतो आणि उद्या विकताना समोरचा पहिल्यांदा तेच बघतो.

प्रश्न : औरंगाबादच्या लोकांनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या हे खरं का? का नुसत्या गप्पा?

उत्तर : एकदम खरं. ऑक्टोबर २०१०. शहरातल्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन सौदा केला, साधारण ६५ कोटींचा, आणि स्टेट बँकेनं कमी व्याजानं कर्ज दिलं. शहराकडं गुंतवणूकदारांचं लक्ष जावं हा हेतू होता आणि ते गेलंही, देशभर बातमी झाली. मला तरी आजही त्याचा अभिमान वाटतो, मराठवाडा म्हटलं की फक्त दुष्काळाची बातमी करणाऱ्यांना ते चांगलं उत्तर होतं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं बघा. त्या अख्ख्या वर्षात मर्सिडीजच्या भारतभर सहा हजारसुद्धा गाड्या गेल्या नव्हत्या, म्हणजे महिन्याला पाचशेच्या आत. त्यातल्या दीडशे एका शहरात एका दिवसात! तेवढा एकच महिना बघून कुणी म्हटलं असतं की मराठवाड्यात लक्झरी गाड्यांची लाट आलीय, तर पुढच्याच महिन्यात तोंडावर पडला असता. आजही हे मार्केट लहानच आहे. मर्सिडीजनं २०२४ मध्ये १९,५६५ गाड्या विकल्या, बीएमडब्ल्यूनं त्यांचाच मिनी हा ब्रँड धरून १५,७२१, आणि देशात सगळ्या मिळून कार वर्षाला ४० लाखांच्या वर जातात. शंभरात एखादी लक्झरी. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडणी होणाऱ्या ऑडीचंच बघा, २०२३ मध्ये ७,९३१ आणि २०२४ मध्ये ५,८१६. लोकांना ऑडी नकोशी झाली असं कितीतरी जणांनी ठरवून टाकलं, पण त्या वर्षी सुट्या भागांचा पुरवठाच अडला होता.

प्रश्न : आमचा जालन्यात स्टीलचा धंदा आहे. लक्झरी गाडी घ्यायचीय. कोणत्या महिन्यात घेतली तर फायदा?

उत्तर : धंद्याच्या नावावर घेणार असाल तर आधी सीएला विचारा, कारण गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा, म्हणजे गाडीची किंमत घटते म्हणून कर काढताना मिळणारी वजावट, निम्माच मिळतो. म्हणजे साधारण सप्टेंबर संपायच्या आत गाडी रस्त्यावर आली तर पूर्ण घसारा, मार्चएंडला घेतली तर अर्धा. मार्चमध्ये आकडे वाढतात ते थोडे या अर्ध्या घसाऱ्यासाठी आणि थोडे कंपन्यांच्या टार्गेटपायी. आणि कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स वैयक्तिकपेक्षा बराच जास्त लागतो, तोही हिशोबात धरा.

डिसेंबरात डिस्काउंट खरे असतात, कारण एक जानेवारीला गाडी एक वर्षानं जुनी होते. घरी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबरच घ्या, तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर जानेवारी.

सणांचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथंच लोक फसतात. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि लोकांनी हात आखडता घेतला, मग लागला पितृपक्ष, आणि २२ सप्टेंबरला घटस्थापनेच्याच दिवशी नवे दर लागू झाले, मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्के जायचे ते ४० वर आले. त्यामुळं ऑगस्ट पडलेला आणि ऑक्टोबर फुगलेला दिसतो. आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळं पितृपक्ष ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत, दसरा २० ऑक्टोबरला आणि दिवाळी नोव्हेंबरात. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करून कुणी मंदी आली म्हणालं तर पंचांग दाखवा त्याला.

प्रश्न : परभणीहून लिहितेय. मिस्टरांना कमी खपाची पण दणकट गाडी सेकंडहँड मिळायलीय, निम्म्याहून कमी किमतीत. घ्यावी का?

उत्तर : ताई, कमी खपते म्हणून गाडी वाईट असते असं नाही, किती तरी चांगल्या गाड्या आपल्याकडं नीट विकल्याच गेल्या नाहीत. पण सर्व्हिस सेंटर कुठंय ते विचारा. परभणीहून दर वेळी संभाजीनगर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि पार्ट मागवला तर गाडी तिथंच सोडून यायचं. बुकिंगच्या आधी एक काम करा, सेंटरला फोन लावून बंपर, हेडलाइट आणि क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचा पार्ट किती दिवसांत येईल आणि केवढ्याला ते विचारा. आठवड्यात येतो म्हणाले तर घ्या, बघू-कळवू म्हणाले तर राहू द्या. आणि घेतलीच तर विम्याची किंमत, म्हणजे आयडीव्ही, तुम्ही दिलेल्या पैशाच्या आसपास आहे ना तेवढं बघा, जुन्या मालकाच्या पॉलिसीवर ती कधीकधी बरीच वर लावलेली असते आणि हप्ता त्यावरच भरावा लागतो.