डिजिटल, अंकीय की ई-ग्रंथालय?

प्रश्न असा आहे: ‘डिजिटल लायब्ररी’ला मराठीत अंकीय ग्रंथालय म्हणावं, ई-ग्रंथालय की डिजिटल ग्रंथालय? आणि पीडीएफ फायलींच्या नुसत्या साठ्याला हा शब्द लावता येईल का?

माझं मत ‘डिजिटल ग्रंथालय’ला. ‘अंकीय’ची घडण बिनचूक आहे, पण ग्रंथालयात अंक म्हटलं की मासिकाचा किंवा दिवाळी अंकच आठवतो. ‘ई-ग्रंथालय’ हे तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणकसेवा संस्थेने तयार केलेल्या संगणकप्रणालीचं नाव आहे. पुस्तकांच्या नोंदी, देवघेव असं कामकाज त्या प्रणालीवर चालतं. कपाटातली पुस्तकं कागदाचीच असू शकतात. म्हणून तो शब्द इथे टाळलेला बरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’. या संज्ञेत जोर ‘ग्रंथालय’वर आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये मजकूर संगणकावर चढवून प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहाची सुरुवात केली, म्हणजे नुसती साठवण जुनीच. १९९४ मध्ये अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन, डार्पा (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) आणि नासा यांनी मिळून सहा विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पांना पैसा दिला, तेव्हा मोठा प्रश्न होता तो साठवलेलं सापडायचं कसं हा. त्यातल्या स्टॅनफर्डच्या प्रकल्पात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन काम करत होते. गूगलचं मूळ तिथलं.

मराठीत हा ‘सापडण्याचा’ प्रश्न फार अवघड आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये लागू झाले आणि उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीपुरते लिहिले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करणें’ छापलेलं असतं. आज कुणी ‘नाव’ शोधलं, तर संगणकाला ‘नांव’ हा निराळाच शब्द वाटतो. बरं, अनुस्वार सरसकट गाळावेत, तर ‘अंक’चा ‘अक’ होतो. जुन्या पुस्तकातलं ‘घरांत’ एकवचनी असू शकतं. आजच्या लेखनात ते अनेकवचनीच. मग कुठलं पान कोणत्या काळचं, हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी प्रकाशनवर्ष अचूक नोंदलेलं हवं. लेखकाचंही तसंच: हरि नारायण आपटे, ह. ना. आपटे, हरिभाऊ आपटे ही एकच व्यक्ती, हे कुणीतरी जाणत्या माणसाने जोडून ठेवावं लागतं. हे काम ग्रंथपालाचं, स्कॅनरचं नव्हे. याच कामाला आपल्याकडे सर्वांत कमी पैसा आणि मान मिळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा लेखक, वर्ष, आवृत्ती यांच्या नोंदी, मजकुरात शोधण्याची सोय आणि फायली पुढची कित्येक वर्षं उघडतील याची तजवीज, एवढं असेल तर ‘डिजिटल ग्रंथालय’ म्हणा. नसेल तर ‘पीडीएफ-संग्रह’ हा सरळ शब्द आहेच.