परतीच्या आधीची आखाजी

पत्र: मी यावल तालुक्यातली. जर्मनीत बॉनला दोन वर्षं शिकले, प्रबंध दिला, जूनमध्ये परत येतेय. चेरीला गुलाबी बहर आलाय, मैत्रिणी रोज बोलावतात, पण मी खोलीतून निघत नाही. तिकडे बाबा ४४ अंशांत केळीला पाणी देतात, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, आणि मी फुलं बघत फिरू? आई फोनवर म्हणते, "आखाजीले (अक्षय्य तृतीयेला) आली असती तं बरं झालं असतं." हे शहर सोडताना मला रडू येणार, हे तिला कसं सांगू? कृतघ्न वाटतं.

लेकी,

तुझ्या आईनं आखाजीचं नाव काढलं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. आपल्याकडे सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते, निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणते, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस खाते. मग निघायची वेळ झाली की रडते. त्या रडण्याला कोणी सासरशी बेइमानी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. उलट, डोळे कोरडे ठेवून निघालेल्या लेकीचीच बायकांना काळजी वाटते.

बॉन तुझं तसं माहेर झालंय. आणि तुझी आई तर दर आखाजीला माहेराहून निघालेली बाई! तिच्यापेक्षा हे कोणाला जास्त कळेल? सरळ सांग: "आई, मी येतेय, पण निघताना रडू येईल." ती क्षणभर गप्प होईल. होऊ दे.

बाबांचं म्हणशील तर, तू खोलीत कोंडून घेतल्यानं केळीच्या एका घडालाही सावली मिळत नाही. कर्ज त्यांनी तू जग बघावंस म्हणूनच काढलं ना? तुमच्याकडे दुपारचे साडेतीन म्हणजे इथं संध्याकाळचे सात, ते मळ्यातून परतलेले असतात. हेअरश्ट्रासे रस्त्यावर त्या चेरीच्या झाडांखाली उभी राहा आणि व्हिडिओ कॉल कर. ते पहिलं विचारतील, "याले फळ लागतं का?" सांग, नाही, ही नुसती शोभेची जात. तो बहर दोन-तीन आठवड्यांचा. केळी निसवायची, घड बाहेर पडायची वाट बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आईला हेही सांग की १८२३ साली याच बॉनमध्ये, तिथले संस्कृतचे प्राध्यापक श्लेगेल यांनी देवनागरीत भगवद्गीता छापली, सोबत लॅटिन भाषांतर. लेकीचं गाव तिला जरा जवळचं वाटेल.

एक गोष्ट मात्र स्वतःशी तपासून बघ. निघायची तयारी झालेली नाही, की परत यायचंच नाही? तिथली पदवी घेणाऱ्याला नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा परवाना मागता येतो. तसं मनात असेल तर आताचा परवाना संपायच्या आत चौकशी कर आणि घरी उघड बोल. पण पत्रावरून मला वाटतं, तुला यायचंय. फक्त निरोप घेऊ दिलेला नाहीस तू स्वतःला.

कागदपत्रांचंही सांगते: पत्त्याची नोंद रद्द करायला घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून जाता येतं. ती पावती जपून ठेव, रेडिओ-टीव्हीची फी बंद करायला लागते. खोलीची अनामत परत आल्याशिवाय बँकेचं खातं मिटवू नकोस.

आता तिथं पावणेनऊपर्यंत उजेड असतो. आज जेवून बाहेर पड. आणि रविवारी त्या मैत्रिणींना जेवायला बोलाव. वरण-बट्टी कर, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. बट्ट्या ओव्हनमध्ये छान होतात, तूप मात्र सढळ हातानं घाल.

तुझी,
मावशी