कॉलेजचा पासवर्ड मागू नका

“मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला चालली आहे. शाळेत असेपर्यंत तिचे सगळे मार्क आम्हाला ऑनलाइन दिसायचे. कॉलेजचा पासवर्ड मात्र ती द्यायला तयार नाही. मग आम्ही लक्ष कसं ठेवायचं?” अमेरिकेतल्या एका आईचा हा प्रश्न.

तुमची काळजी मला कळते, तरीही पासवर्डचा हट्ट सोडा. इथे १९७४ सालापासून फर्पा नावाचा कायदा आहे. मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा आईवडिलांचा हक्क संपतो आणि तो मुलाकडे जातो. फी तुम्ही भरत असलात तरीसुद्धा. टॅक्स रिटर्नमध्ये तुम्ही तिला डिपेंडंट दाखवत असाल, तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण दिलीच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही.

आग्रह धरायचाच असेल तर तो तब्येतीच्या कागदांसाठी धरा. अठरा पूर्ण झालेलं मूल दवाखान्यात असताना तुम्ही फोन केलात, तर ‘आम्ही काही सांगू शकत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून निघण्याआधी दोन कागदांवर तिची सही घ्या. एक हेल्थ केअर प्रॉक्सी, म्हणजे ती बोलण्याच्या स्थितीत नसेल तर निर्णय कोणी घ्यायचे त्याचा. दुसरा, तिची वैद्यकीय माहिती तुम्हाला द्यायला संमती देणारा हिपाचा (वैद्यकीय माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचा) फॉर्म. राज्याराज्यांत नमुने वेगळे असतात, त्यामुळे कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर तिथलेही भरा. २६ वर्षांपर्यंत ती तुमच्या विम्यात राहू शकते. फक्त त्या गावातले डॉक्टर तुमच्या विम्यात बसतात का, ते आधी पाहा. बसत असतील तर बिलात आपोआप लागणारा कॉलेजचा विमा मुदतीच्या आत नाकारायला विसरू नका.

पुढचं मुलीलाच वाचायला द्या.

आपल्या घरांत ‘कुणाला त्रास देत नाही, आपलं आपण करते’ हे फार मोठं कौतुक असतं. शाळेत ते चाललं. कॉलेजात मात्र हीच मुलं मागे पडतात, कारण तिथे कोणी आपणहून येऊन विचारत नाही. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले काही तास ऑफिस अवर्स म्हणून ठेवतात आणि ती वेळ सिलॅबसवर, म्हणजे कोर्सच्या माहितीपत्रकावर, छापलेली असते. ती वेळ तुझीच आहे, तिथे जाण्यात उपकार मागितल्यासारखं काही नाही. दुसऱ्याच आठवड्यात जा, मिडटर्म बिघडायची वाट पाहू नकोस. जाताना अडलेलं गणित हातात ने आणि नेमकं सांग: “तिसऱ्या ओळीपर्यंत जमलं, पण पुढे ही पायरी का आली ते कळत नाही.” ‘मला काहीच समजत नाही’ म्हटलंस, तर बिचाऱ्या प्राध्यापकांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. एकटीने जायला संकोच वाटला तर वर्गातल्या कुणाला तरी सोबत ने, किंवा आधी टीएकडे, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याकडे, जा. पुढे शिफारसपत्र लागेल, कुणाच्या लॅबमध्ये काम करावंसं वाटेल, तेव्हा तुला नावानिशी ओळखणारी दोन-तीन माणसं असायला हवीत, आणि ती ओळख इथेच होते.

मेल पाठवतानाही तसंच. विषयाच्या ओळीत कोर्सचा नंबर, खाली पूर्ण नाव, मधे प्रश्न आणि तू काय करून पाहिलंस ते. आधी सिलॅबस बघ. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

वेळेचा हिशेबही मांडून घे. १५ क्रेडिट घेतलीस तर आठवड्याला १५ तास वर्गात आणि साधारण त्याच्या दुप्पट बाहेर, म्हणजे ४५ तास. मंगळवारची मोकळी दिसणारी दुपार मोकळी नसते. एखादा कोर्स झेपत नसेल तर तो सोडायच्या तारखा ॲकॅडेमिक कॅलेंडरमध्ये असतात: सुरुवातीला तो निशाणी न राहता सोडता येतो, नंतर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ‘डब्ल्यू’ (कोर्स मधेच सोडल्याची खूण) येतो. एक डब्ल्यू नापास होण्यापेक्षा कितीतरी बरा. पण १२ क्रेडिटच्या खाली जाण्याआधी ॲडव्हायझरला भेट. स्कॉलरशिप आणि व्हिसा बहुधा त्या आकड्यावरच अवलंबून असतात.

आता पुन्हा आईबाबांसाठी. शाळेत कायम पहिल्या रांगेत असलेल्या मुलांना पहिल्या मिडटर्ममध्ये ५५ मार्क मिळणं मुळीच दुर्मीळ नाही. ती घरी लपवतात, कारण आपण काय म्हणू हे त्यांना पाठ असतं. फोनवर ‘किती मिळाले?’ विचारण्याऐवजी ‘या आठवड्यात कुणाला भेटायला गेलीस?’ असं विचारून पाहा. आवाज सतत पडलेला वाटला, जेवण-झोप बिघडलेली दिसली, तर मार्कांचा विषय बाजूला ठेवून कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरला जायला सांगा. ९८८ हा मानसिक संकटात मदत करणारा नंबर देशभर चोवीस तास चालू असतो. तो तिच्या फोनमध्येही असू दे आणि तुमच्याही.

मुलं एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या घरांसाठी आणखी एक. या व्हिसावर मुलांना पगारी काम करता येत नाही, अगदी कॅम्पसवरच्या लायब्ररीतही नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो संपतो. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पदवी हातात पडायच्या आधीच. तो संपण्याआधीच एफ-१ या विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्या बदलाला कित्येक महिने लागू शकतात. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असेल तर एफ-१ च्या अटींशी तो कसा जुळवायचा, हे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात पहिल्याच सत्रात जाऊन तारखा समजून घ्यायच्या, आणि तिथे मुलीलाच जाऊ द्या.