इंग्लंडच्या किनाऱ्यावर सील हे समुद्री प्राणी सांभाळणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात? प्राणिशास्त्राचं शिक्षण लागतं का?

शिक्षण लागत नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेची, नोकरी पगारपत्रकं करण्याची, आणि तरी हिवाळ्यात नॉर्फकमधल्या हॉर्सीच्या किनाऱ्यावर पहारा देते. तिथे ‘फ्रेंड्स ऑफ हॉर्सी सील्स’ ही स्वयंसेवकांची संस्था आहे, लागेल ते तीच शिकवते. उत्तर समुद्राचा वारा सोसायची तयारी हवी आणि अनोळखी माणसाला आवाज न चढवता ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, “नुसतं उभं राहून बघण्यापेक्षा काही प्रत्यक्ष मदत करता येईल का?” मी लिहायला बसले ते या वाक्यामुळे. उभं राहून बघणं हीच तिथली प्रत्यक्ष मदत आहे. माझ्या धाकट्या दिरांना हे अजून पटलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत दीर, जाऊ आणि मुलं आमच्याकडे आली होती. त्या आठवड्यात हॉर्सीला बघ्यांची जत्राच असते. नोव्हेंबर ते जानेवारी करड्या सीलच्या माद्या तिथे विणीला येतात, काही हंगामांत दोन हजारांहून जास्त पिल्लं जन्मली आहेत. तेवढे महिने किनाऱ्यावर उतरायचं नाही, वाळूच्या टेकड्यांवर दोरी बांधून वाट आखलेली असते, तिथूनच बघायचं. त्या दिवशी एक पिल्लू दोरीच्या अलीकडे, अगदी पायवाटेला लागून येऊन पडलं होतं. पांढरी लोकर निम्मी झडलेली, खालून चंदेरी ठिपके दिसायला लागलेले, अंग गुबगुबीत. आसपास आई नाही. डोळ्यांखाली ओल्या रेघा.

“वहिनी, अहो रडतंय ते! आई टाकून गेलीय त्याला,” भावजी म्हणाले. तोवर वीसेक माणसं जमली होती. एकाने डब्यातला मासा काढला, एक जण जाकिटात गुंडाळून पाण्यात सोडून येतो म्हणाला. माझ्या जोडीला एक निवृत्त आजोबा होते. आम्ही दोघांनी खुंट उपटले, दोरी मागे घेतली, वाट टेकडीच्या वरच्या अंगाने वळवली आणि पिल्लाकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत, अंधार पडेपर्यंत. भावजी गाडीत जाऊन बसले आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, “वहिनींचं काळीज दगडाचं.” रात्री दापोलीहून सासूबाईंचा फोन, “अगं, दूध तरी पाजायचं होतंस गं.”

तर भावजी, तुम्हीही हे वाचाल म्हणून सगळं सांगते. ते रडत नव्हतं. आपले अश्रू डोळ्यांतून नाकात उतरतात, ती नळी सीलला नसते. त्यामुळे डोळ्यांचं पाणी गालांवरून ओघळत राहतं, पिल्लू सुखात असलं तरी. आईनेही त्याला टाकलं नव्हतं, तिचं काम पुरं झालं होतं. करड्या सीलची मादी जेमतेम अठरा-वीस दिवस पाजते. तिच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी असते, पिल्लू दिवसाला दीड-दोन किलोने वाढतं आणि जन्मताना चौदा किलोच्या आसपास असलेलं तीन आठवड्यांत तिप्पट होतं. या काळात आई स्वतः काही खात नाही. मग नराशी संग करते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लू काही आठवडे अंगावरच्या चरबीवर जगतं, कात टाकल्यासारखी लोकर टाकतं आणि भूक लागली की आपणहून पाण्यात उतरतं. लोकर झडायला लागलेलं, गुबगुबीत, एकटं पिल्लू याचा अर्थ सगळं ठीक चाललंय. गाईचं दूध त्याला पचत नाही. आणि पूर्ण पांढऱ्या लोकरीतलं लहान पिल्लू पाण्यात ढकललं तर ते बुडू शकतं, कारण ती लोकर पाण्यासाठी नसते.

भावजींचा दुसरा मुद्दा कोकणातल्या वेळास गावाचा. “आपल्याकडे कासवांची अंडी उचलून जाळीत ठेवतात, पिल्लं हातांनी आणून समुद्राजवळ सोडतात, त्याला म्हणतात काम!” वेळासच्या कामाबद्दल मला अभिमान आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली सुरू केलेल्या त्या कामाने गावाचं नाव देशभर झालं. पण कासवीण अंडी पुरून जाते ती परत येत नाही, आणि पुळणीवर ठेवली तर ती कोल्ही-कुत्री उकरतात, माणसं चोरतात. म्हणून तिथे हात लावावा लागतो. सीलची आई पाजते तोवर पिल्लाशेजारी असते, वासावरून आणि आवाजावरून त्याला ओळखते. माणसं मध्ये आली तर ती पाण्यात पळते, आणि परतली नाही तर पिल्लू उपाशी मरतं. वेळासला धोका उकरणाऱ्यापासून आहे, हॉर्सीला जवळ जाणाऱ्यापासून.

बघण्यातूनच पुढचं सगळं सुरू होतं. मोजणी होते, त्यावरून कळतं की वीण कुठे सरकतेय, पुढल्या वर्षी दोरी कुठवर न्यायची. हवेत फेकायच्या प्लॅस्टिकच्या रिंगा समुद्रात जातात, तरुण सील कुतूहलाने त्यात मान घालतात, मग सील वाढतो आणि रिंग मांसात रुतत जाते. असा सील शेकडोंच्या कळपात दुर्बिणीने शोधावा लागतो, त्याचा फोटो काढून जाणकारांना कळवावं लागतं. नुसत्या बघण्यामुळेच किती तरी सील ईस्ट विंचच्या उपचार केंद्रात पोचून बरे झालेत.

हात कधीच लावायचा नाही असंही नाही. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं तेव्हा हॉर्सीची पिल्लं आयांपासून तुटून वाहून गेली आणि माणसांना मध्ये पडावंच लागलं. हाडं दिसणारं, जखमी, खोकणारं पिल्लू दिसलं तर कळवायलाच हवं. पण उचलणारी माणसं प्रशिक्षित असतात. सीलचा चावा भयंकर चिघळतो, बोट कायमचं आखडू शकतं. तुम्हाला तेच काम करायचं असेल तर समुद्री प्राणी वाचवणाऱ्या ‘ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू’ या संस्थेचं प्रशिक्षण घ्या, तिथेही पदवी विचारत नाहीत. आणि मी लिहिलं ते करड्या सीलबद्दल. तिथले दुसरे, साधे सील उन्हाळ्यात वितात, त्यांची पिल्लं जन्मल्यावर काही तासांत पोहतात, तिथले नियम थोडे वेगळे.

आम्हाला दंड करायचा अधिकार नसतो, हेही आधीच माहीत असू द्या. कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला, दोरी ओलांडून फोटो काढणाऱ्याला फक्त सांगता येतं. तुम्हाला उचलून कुशीत घेण्याचीच हौस असेल तर या कामात येऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. यायचं असेल तर हिवाळ्याची वाट न बघता आधीच संस्थेला लिहा, पायात दोन जोड मोजे घाला आणि दुर्बीण चांगली घ्या. भावजी, तुमच्यासाठी माझ्याकडे एक जास्तीची आहे. येत्या डिसेंबरात या आणि एक दिवस माझ्या शेजारी दोरीपाशी उभे राहा, मग ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा.