पोकरमध्ये समोरचा ऑल-इन गेला (जवळचे सगळे चिप्स लावले), आता काय?

चेहरा वाचायची घाई नको. आधी अख्खा डाव आठवा: फ्लॉपआधी (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं उघडण्याआधी) त्याने रेझ केलं (बोली वाढवली) की नुसतं कॉल (आधीच्या बोलीइतकेच लावले)? टर्नला (चौथ्या पानाला) चेक का केलं, म्हणजे काही न लावता पुढे का गेला? हे एकमेकांशी जुळत नसेल, तरच ब्लफचा संशय घ्या.

मग हिशोब. पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) 100 असताना त्याने 50 लावले, तर 150 जिंकायला तुम्ही 50 टाकताय. 25 टक्के वेळा जिंकलात तरी ना नफा, ना तोटा.

नवखे हमखास दोन ठिकाणी फसतात:

- थरथरणारे हात म्हणजे भीती, असं धरून चालतात. बहुतेकदा पानं भारी लागलेली असतात!
- एरवी सावध खेळणारा रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) ऑल-इन गेला, तरी ‘बघू तरी’ म्हणून कॉल करतात. तिथे तुमच्याकडे फक्त एक जोडी असेल तर बिनधास्त फोल्ड करा (पानं टाकून डाव सोडा).

रेंजची (समोरच्याकडे कोणकोणती पानं असू शकतात, त्याची) गणितं सध्या राहू द्या.