जेवणात गोळी मिसळून दिली तर चालेल का?

"मुलगा गोळी घेत नाही. त्याच्या नकळत जेवणात कालवून दिली तर काय बिघडतं?" स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ज्या घरात आहे, त्या घरातून हा प्रश्न फार वेळा येतो. विचारणारी माणसं निष्ठुर नसतात, थकून गेलेली असतात. पुन्हा ते आवाज, पुन्हा तो संशय, पुन्हा वॉर्ड, या धास्तीने ती गोळी कुटायला बसतात. खाली सांगितलंय ते अशाच एका घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा पंचविशीतला. आपल्याविरुद्ध कट शिजतोय अशी त्याची खात्री, त्यात आपल्याबद्दल बोलणारे आवाज ऐकू यायचे. वॉर्डात रिस्पेरिडोन हे मनोविकारविरोधी औषध सुरू झालं, डोस वाढवत ४ मिलिग्रॅमवर नेला. आवाज विरळ झाले, झोप लागायला लागली, घरी सोडलं. काही आठवड्यांतच त्याने गोळीला साफ नकार दिला. आई माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा आठवडाभर तीच गोळी कुटून जेवणातून देत होती. "मॅडम, आवाज येत नाहीत म्हणतो, पण रात्रभर येरझाऱ्या घालतो. जेवताना पाच मिनिटं बसत नाही. डॉक्टरांना डोस वाढवायला सांगू का?"

या बोलण्यातली येरझाऱ्यांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. आवाज थांबलेत आणि तरी माणूस बसू शकत नाही, तेव्हा आजार बळावला असं गृहीत धरायच्या आधी औषधाकडे बघायचं.

मुलाला भेटल्यावर "गोळी का घेत नाहीस?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नात आरोप असतो आणि त्याचं उत्तर "मला काही झालेलं नाही" हेच येतं. विचारलं, "गोळी सुरू झाल्यापासून अंगात काय काय बदललं?" तो लगेच बोलायला लागला. पायात काहीतरी वळवळतं, चाललं की जरा बरं वाटतं, थांबलं की पुन्हा सुरू. बोलताना खुर्चीत पाय सतत आडवे-उभे करत होता. उभा राहिला तर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर, जागच्या जागी चालल्यासारखा. मनोविकार परिचारिकांना ही अस्वस्थता मोजण्याची बार्न्स मोजपट्टी शिकवतात. तिच्यात रुग्णाला बसलेला आणि उभा, असं किमान दोन-दोन मिनिटं साधं बोलत पाहायचं असतं, आणि आत काय होतंय हे त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं. घाईच्या ओपीडीत ती चार मिनिटं मिळत नाहीत, आणि तिथेच निदान निसटतं.

याला अकाथिसिया म्हणतात. मनोविकारविरोधी औषधांचा हा दुष्परिणाम बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत दिसतो. आजारातली अस्वस्थता बहुतेक वेळा विचारांची असते, भीतीची, संशयाची. अकाथिसियात रुग्ण पायाकडे बोट दाखवतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून शेवटचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. पण ओळख चुकली तर डोस वाढतो, डोस वाढला की तळमळ वाढते, आणि घरच्यांना वाटतं आजारच बळावलाय. ही तळमळ इतकी असह्य होऊ शकते की जीव द्यावासा वाटतो. त्यामुळे हा प्रश्न स्पष्ट विचारायचाच: "जगू नये असं वाटतं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. या मुलाने "एकदा वाटलं होतं" असं सांगितलं, आणि डॉक्टरांची भेट त्याच दिवशी ठरवली.

आता मिसळण्याचा मुद्दा. मुलाच्या समजुतीप्रमाणे त्याने गोळी कधीच बंद केली होती. तरी पाय थांबत नव्हते. त्याने त्यातून सरळ निष्कर्ष काढला: कुणीतरी माझ्यावर काहीतरी करतंय. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं! ज्याच्या आजाराचा गाभाच संशय आहे, त्याच्या संशयाला आपण घरातून पुरावा देत होतो. डॉक्टरांचीही तीच गत झाली असती. रुग्ण म्हणतो औषध बंद आहे, मग अस्वस्थता आजाराचीच, असं त्यांनी धरलं असतं. म्हणून आईला पहिली विनंती ही की मिसळणं आजच थांबवा, आणि काय, किती, कधी दिलं ते डॉक्टरांना खरंखरं सांगा.

औषधाच्या अंगानेही कुटणं धोक्याचं आहे. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. ताट अर्धं राहिलं तर डोसही अर्धा, आणि किती गेला ते कुणालाच कळत नाही. रिस्पेरिडोनचं द्रावणही मिळतं, पण ते चहात किंवा कोलात मिसळायचं नसतं. क्लोझापिन या दुसऱ्या मनोविकारविरोधी औषधाचं तर आणखी जपावं लागतं: ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस तसाच सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. चोरून देणाऱ्या घरात हा खंड कुणाच्या लक्षातही येत नाही.

डॉक्टरांनी डोस कमी केला आणि दमा नाही याची खात्री करून थोडे दिवस ही तळमळ शमवणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं. पाय शांत झाले, मुलगा रात्री झोपला. गोळी नाकारण्यामागचं मोठं कारण गेलं, आणि मग कुठे तिच्याबद्दल बोलता आलं.

आईने मुलाला सांगायचं की नाही, यावर घरात वाद झाला. माझं मत स्पष्ट होतं: सांगायचं. पण जेवणाच्या ताटावर नाही आणि भांडणात तर मुळीच नाही. समुपदेशनाच्या खोलीत, आधी ठरवलेल्या शब्दांत. आई म्हणाली, "तुला न सांगता मी जेवणात गोळी घातली. मी घाबरले होते. तसं परत करणार नाही." 'तुझ्या भल्यासाठीच केलं' हे वाक्य ठरवून गाळलं होतं, कारण त्याने माफी राहते बाजूला आणि केलेल्याचं समर्थन होऊन बसतं. मुलगा उठून निघून गेला. पुढचे काही दिवस स्वतः वाढून घेतलेलंच खाल्लं, पाण्याचा ग्लासही स्वतः भरला. आईला ते फार लागलं. तिला एवढंच सांगितलं की हे वागणं आजाराचं नाही, फसवलेल्या माणसाचं आहे. त्याला वाढून घेऊ द्या, समजावत बसू नका.

पुढच्या भेटींत एक कागद तयार झाला, त्याच्याच शब्दांत. गोळी रात्री एकदा, तो स्वतः डबीतून घेणार. चुकली तर सांगणार, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणार नाही. सलग दोन रात्री झोप उडाली किंवा खिडक्या बंद कराव्याशा वाटल्या तर वडिलांना सांगणार, कारण मागच्या वेळी सुरुवात तिथूनच झाली होती. गोळी बंद केल्यावर तब्येत बहुधा लगेच ढासळत नाही, कित्येक आठवडे छान जातात, आणि त्या छान आठवड्यांवरच माणूस फसतो. हे त्यालाही पटलं. आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर साधारण एक ते दोन वर्षं तरी औषध चालू ठेवायला सांगतात, हेही तेव्हाच बोललो.

वडिलांचा प्रश्न होता, "मग महिन्याचं इंजेक्शनच का नाही?" दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन चांगला पर्याय आहे, रोजची आठवण आणि रोजची कटकट दोन्ही वाचतात. पण अकाथिसिया चालू असताना ते देणं अयोग्य, कारण एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही. आधी गोळीने सोसतं का ते बघायचं, आणि विचारायचं रुग्णाला. शिक्षा म्हणून दिलेलं इंजेक्शन तो पुढच्या महिन्यात टाळतोच.

अपवाद आहे का? स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता उरलेली नाही, उदाहरणार्थ प्रगत डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात), तर लपवून औषध देण्याचा विचार होतो. पण तो निर्णय डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि कुटुंब मिळून घेतात, लेखी ठेवतात आणि ठराविक काळाने तपासतात. रुग्ण जीव द्यायची किंवा घ्यायची भाषा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, औषधावर असताना मान वाकडी होऊन डोळे वर चढले किंवा तापाबरोबर अंग ताठ होऊन भ्रम झाला, तर घरी उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आईने शेवटी विचारलं, "मग रोज 'गोळी घेतलीस का' हे विचारायचंच नाही का?" दिवसाला एकदा विचारा, ठरलेल्या वेळी, आणि उत्तर "नाही" आलं तर लगेच पुढचा प्रश्न, "आज काय त्रास झाला?"