सड्यावरचा गेंद नवा आहे का?

प्रश्न : कणकुंबीजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सप्टेंबरात गेंदाची (एरिओकॉलॉनची) वेगळीच झाडं दिसली. पानं पुस्तकातल्या कुठल्याच गेंदाशी जुळत नाहीत. नवी जात असेल का? असल्यास आजोबांचं नाव देता येईल? – एक वाचक, खानापूर

उत्तर : पानांवर जाऊ नका. डबक्यातला आणि कातळावरचा गेंद एकाच जातीचा असूनही पानांनी परका वाटतो. ओळख पांढऱ्या गोंड्यात असते. तो गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. त्यात नर-मादी अशी बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात. गोंडा पाण्यात उकळून मऊ करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी सोडवा. मादी फुलाची निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) किती, सुटी की जुळलेली, पाकळीच्या टोकाशी काळी ग्रंथी आहे का, परागकोश काळे की पांढरे, हे पाहा. सगळ्यात महत्त्वाची बीवरची नक्षी. कोवळेच गोंडे आणलेत तर तीच हाती लागत नाही, म्हणून ऑक्टोबरात पुन्हा एक फेरी मारा.

झाडं मोजकीच असतील तर फोटोवर भागवा. भरपूर असतील तर थोडी मुळासकट घ्या, वर्तमानपत्राच्या घडीत दाबा आणि कागद रोज बदला. आपल्याकडच्या दमट हवेत एक दिवस चुकला की बुरशी धरलीच! चार गोंडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जागा, उंची, तारीख आणि रंग तिथंच लिहा, वाळल्यावर रंग उरत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उपटू नका.

मग कूकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीग्रंथाशी ताडून पाहा आणि नमुने घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात जा. जवळच्या जातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना केल्याशिवाय ‘नवी’ म्हणण्यात अर्थ नाही; बहुतेक दावे इथंच गळतात.

दावा टिकलाच, तर शोधनिबंधात इंग्रजी किंवा लॅटिनमधून वर्णन किंवा जवळच्या जातीपासूनचा फरक, एक प्रारूप नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं तो) आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे द्यावं लागतं. २०११ अखेरपर्यंत लॅटिनच लागे. वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली म्हणून नाव ग्राह्य होत नाही.

आजोबांचं नाव खुशाल द्या, फक्त लॅटिन षष्ठीत किंवा लॅटिन विशेषण करून. स्वतःचं देऊ नका. नियमात बंदी नाही, पण जाणकार हसतात.